वीतभर खोटं

मार्थे,

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि मी अजून तुला माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मंडळीच्या पत्रकात हा लेख वाचायला घेताना ज्यांनी रुमाल काढून ठेवला असेल त्यांनी तो परत खिशात घालावा.

पाळकसाहेब घरी आले होते. म्हणाले, "रिबकाआजी, मार्थाबाईंबद्दल दोन चांगले शब्द लिहून द्या. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" मी म्हटलं, देते की. तर हे घे तुझे दोन चांगले शब्द. उंच होतीस, आणि तुझे हात मोठे होते. संपले चांगले शब्द. आता माझं ऐक.

जन्म कधी, शिक्षण कुठं, किती वर्षं बाई म्हणून शाळेत होतीस, वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये किती वर्षं काढलीस, हे सगळं तुझ्या लेकानं छापलेल्या कार्डावर आहे. कार्डावरचा फोटो झकास आलाय. हसते आहेस. कुणाला हसते आहेस ते मला गेल्या रविवारी कळलं.

आपलं भांडण चुलीवरून. जावाजावांचं असतं तसं एका चुलीवरून नव्हे. टांझानियातल्या एका अख्ख्या गावाच्या चुलींवरून. नव्या पोरींना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. आपल्या लुथरन मंडळीच्या महिला मंडळानं तेव्हा बिनधुराच्या चुलींचं काम हाती घेतलं होतं. बारामतीच्या देवळात महिन्याच्या सभेला बसायचं, बायबलचा पाठ झाला की कुठल्या गावात कुणाच्या घरी चूल घालायची ते ठरवायचं. अंथुर्ण्यापासून माळेगावपर्यंत जितक्या चुली झाल्या, त्यांतल्या बहुतेक माझ्या हातच्या. ख्रिस्ती घर, बौद्ध घर, मराठ्याचं घर, मला सगळं सारखं. धूर जात बघून डोळ्यांत जात नाही.

माझी शाळा सातवीपर्यंत. पण चिखलातलं मला कळायचं. काळी माती चुलीला चालत नाही, वाळली की तडकते. जुन्या गावठाणातली पांढरी माती आणायची, त्यात शेण, गव्हाचा भुसा आणि उसाच्या चिपाडांचा चुरा. पायानं तुडवायची, दोन दिवस मुरू द्यायची. पुढं जळणाचं तोंड, मागं दुसऱ्या भांड्याचा वैल, दोहोंच्या मध्ये बोगदा आणि वैलाच्या पाठीमागून छपराबाहेर जाणारं धुराडं. सगळी मेख तोंडात. धुराड्याचा पाइप ठरलेल्या मापाचाच मिळायचा. तो बिचारा ओढून ओढून किती धूर ओढणार? तोंड दोन बोटं जरी मोठं झालं, तरी जास्तीचा धूर उलटा फिरून बाईच्या डोळ्यांत. आणि माझी सगळी मापं हातावर. तोंड एक वीत. बोगदा वीत आणि चार बोटं. माझी वीत म्हणजे केवढी, तर केवढीशी! चिमणीचा पंजा म्हणायचीस तू माझ्या हाताला.

त्या पंजाची मला कोण घमेंड! चूल पुरी झाली की तिच्या ओल्या कुशीवर बोटं ताणून पंजा उमटवायची. एखाद्या राणीनं फर्मानावर मोहोर उठवावी तशी ही बया शेणामातीवर पंजे मारत तालुकाभर हिंडायची. आणि देवळाच्या बाकावर नाव कोरणाऱ्या पोरांचे कान पिळायलाही हीच पुढं.

मग टांझानियाचं पत्र आलं. तिथल्या डोंगरउतारावरच्या एका लुथरन मंडळीशी आपलं नातं जोडलेलं होतं. त्यांच्या गाण्यांच्या कॅसेट इकडं यायच्या, आपल्या भजनांच्या तिकडं जायच्या. आजाऱ्यांची नावं एकमेकांना कळवायची आणि दोन्हीकडं प्रार्थना व्हायची. त्यांनी लिहिलं होतं, आमच्या बायका धुरानं हैराण आहेत, तुमच्या चुली शिकवायला एक बहीण पाठवा. पत्र वाचून झालं आणि सगळ्या देवळानं वळून माझ्याकडं बघितलं. मार्थे, खरं सांगते, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा माझ्याकडं एवढ्या जणांनी बघितलं नव्हतं. आपल्यात अंतरपाट नसतो, तरीही.

त्यानंतर ही पंचेचाळीस वर्षांची बाई जी काय हवेत गेली! पासपोर्ट काढला. त्या फोटोत मी अशी बसलेय, जणू टांझानियाच मला भेटायला यायचाय. कॅनव्हासचे बूट घेतले आणि नऊवारीखाली ते घालून रोज सकाळी कॅनॉलच्या कडेनं चालायला लागले. का? तर डोंगर चढायचाय! चालता चालता इंग्रजी पाठ करायची. "धिस इज मड. धिस इज फायर. प्लीज नो स्मोक." म्हशी थांबून बघायच्या. बुद्धविहाराजवळची कमल, तिच्या घरीही माझीच चूल, तिनं गल्लीतल्या बायका गोळा करून मला शाल दिली. मी भाषण केलं. भाषणात "परदेश" हा शब्द किती वेळा आला ते कमल नंतर वर्षभर मला मोजून दाखवत होती.

आणि मग सभेत तू उभी राहिलीस. तू उभी राहिलीस की पंख्याला डोकं लागेल अशी भीती वाटायची. चिटणीस होतीस मंडळाची, शाळेत बाई होतीस, इंग्रजी फाडफाड. म्हणालीस, "रिबका कारागीर आहे, वादच नाही. पण तिथं समजावून सांगायचं इंग्रजीत. सातवी शिकलेली बाई, विमानतळावरच हरवायची. मी पंधरा दिवसांत चूल शिकते आणि मीच जाते."

"हरवायची" म्हणालीस आणि सगळे हसले. मीही हसले. तुझ्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचा राग मला अजून येतो. शाल मिळालेली बाई, बूट घेतलेली बाई, दात काढून हसतेय! तिथंच उभं राहून "मी हरवले तर हरवले, पण चूल तरी घालीन" म्हणायला काय झालं होतं? पण नाही. घरी आले, बूट फडताळावर फेकले आणि ठरवलं, या बाईचा सूड घ्यायचा.

सूड घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. तूच चालत माझ्या अंगणात आलीस, हातात रबरी मोजे घालून.

"मार्थे, चिखल हाय त्यो. साप न्हाय."

"मला त्वचेचा त्रास आहे."

"मग तितं जाऊन मोजे घालून शिकवणार व्हय?"

काढलेस बापडे. पंधरा दिवस आलीस, हे कबूल करते. माती तुडवलीस, शेण कालवलंस, वही काढून सगळं लिहून घेतलंस. फक्त माप घ्यायची वेळ आली की मी तुला बाजूला करायची. "तू चिखल कालव, माप मी घेते." तीन चुली घातल्या आपण, त्यांतली एक तुझ्या क्वार्टरच्या परसात, तिन्हींची तोंडं माझ्या वितेनं. शेवटच्या दिवशी तू वही उघडलीस आणि चष्म्यातून माझ्याकडं बघून विचारलंस, "तोंड एक वीत लिहिलंय. कुणाची वीत गं? इंचात सांग ना."

इथं तुझ्या हातांचं सांगायला हवं. ऊसतोड्यांच्या कोप्यांवर तू पोरांची शाळा भरवायचीस तेव्हा एका पंजात दोन पोरांची डोकी धरून उवा बघायचीस. तुझी वीत माझ्या वितेपेक्षा दोन-अडीच बोटं तरी मोठी. मला ते त्या क्षणी लख्ख दिसत होतं. तुझा हात वहीवर होता, माझा चुलीवर.

मी म्हटलं, "इंचबिंच मला कळत न्हाय. वीत ती वीत. देवानं समद्यांना सारखीच दिलीय."

तू लिहून घेतलंस.

एवढंच ते खोटं. वीतभर. बोलून झाल्यावर मी चुलीवर पंजा उमटवला आणि तुला चहा केला.

तू गेलीस, सहा आठवडे राहिलीस, आलीस. देवळात फोटो फिरवलेस. डोंगर, केळीच्या बागा, रंगीबेरंगी कापडं गुंडाळलेल्या हसऱ्या बाया. सगळे वा वा करत होते. माझ्या हातात एक फोटो आला. नव्या चुलीपुढं चार बाया उभ्या, आणि चौघींचे डोळे बारीक झालेले. एकीनं पदरासारखं कापड डोळ्याला लावलेलं. मागची भिंत काळी. शेजारची म्हणाली, "ऊन असंल." ऊन आणि धूर यांतला फरक मला कळायचा नाही, तर कुणाला?

बघ, सूड तुझ्यावर उगवायचा होता. तू तिथं तोंडघशी पडावीस, लोकांनी म्हणावं, "अगं, हिला काय येतंय!" एवढंच माझ्या मनात. धूर कुणाच्या डोळ्यांत जाणार याचा विचार या शहाण्या बाईनं केलाच नव्हता. तू परत आलीस ती ठणठणीत, क्वार्टरमध्ये फॅनखाली बसलेली. आणि त्या चौघी तिथं डोळे पुसत.

तेव्हापासून तीस वर्षं मी त्या धुरात आहे.

आता मला आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. प्रार्थनासभेत मी दर वेळी उठून मागायची, "टांझानियातल्या आमच्या बहिणींच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करा." बाकीच्यांना वाटायचं, काय हिचं काळीज! एकदा तर जुन्या पाळकसाहेबांनी उपदेशात माझं उदाहरण दिलं. आणि सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" कोण म्हणायचं? तू! आमेन म्हणून माझ्याकडं वळून बघायचीस. मला वाटायचं, साथ देतेय.

तिकडून वर्षाला पत्र यायचं. इंग्रजी वाचणारी तू एकटी. सगळं वाचून दाखवायचीस. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, कॉफीचं पीक, नवं छप्पर. मी विचारायची, "चुलीचं काय लिवलंय?"

"चुलीचं? काही नाही बाई." मग जरा थांबून, चष्मा पुसत, "थंडीत बायकांचे डोळे आले होते म्हणे."

त्या रात्री मी भाकरीचं ताट तसंच झाकून ठेवायची. मंडळीचं डोळे तपासणीचं शिबिर भरलं की मी पहाटे हजर. म्हाताऱ्यांचे हात धर, रांग लाव, थेंब घाल. तीस वर्षांत एक शिबिर चुकवलं नाही. लोक म्हणायचे, रिबकाबाईला सेवेची आवड. आवड कसली डोंबलाची! भीती ती.

आणि माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा? सुनेला रजा नव्हती. तू पिशवी घेऊन माझ्या घरी राहायला आलीस. पंधरा दिवस. थेंब घातलेस, डोकं धुऊन दिलंस, मऊ भात भरवलास, माझ्या नातवंडांचे अभ्यास घेतलेस. हे विसरणार नाही मी. वैर वैराच्या जागी. एका दुपारी तू माझ्यावर वाकून पापणी वर ओढलीस आणि मला राहवेना. म्हटलं, "मार्थे, तुला एक सांगायचंय. लई वर्सांचं हाय."

"गप्प राहा. बोललीस की थेंब बाहेर येतो."

"न्हाय, ऐक तरी. त्या चुलीचं—"

"डोळे मीट, रिबके." आणि मग हळूच, अगदी गोड आवाजात, "डोळ्यांचं दुखणं वाईट असतं, नाही का गं?"

मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांतून जे वाहत होतं ते थेंब आहेत असं तुला वाटलं असेल, म्हणून मी निर्धास्त रडले. आणि तू तिथं बसून... तोंड दाबून हसत होतीस ना? खरं सांग. आता खोटं बोलायला तोंड नाही तुला.

दर रविवारी उपासनेत शांतीचं अभिवादन देताना तू माझाच हात धरायचीस. "शांती असो, रिबके." माझा पंजा तुझ्या दोन्ही हातांत घेऊन, बोटं जराशी उलगडून बघायचीस. मी म्हणायची, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय हिचं.

गेलीस तीसुद्धा कशी, तर चहा टाकून ये म्हणालीस सुनेला आणि ती कप घेऊन येईपर्यंत संपलीस. आजार नाही, अंथरूण नाही. मला शेवटचं बोलायला एक दिवस तरी द्यायचास. तुझ्या पेटीपाशी बसून मी मनात सगळं बोलले, पण झाकण लावल्यावर बोलण्यात काय अर्थ? मला वाटलं, हे आता माझ्याबरोबरच पुरलं जाणार.

मग गेल्या रविवारी तुझ्या स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी हौसेनं टांझानियाच्या मंडळीला फोनवर बोलावलं, चित्रासकट. देवळात पडदा लावला. तुझी नात ग्रेस पुण्याहून आलेली, ती इंग्रजीचं मराठी करणार. तिकडं एक मास्तर त्यांच्या भाषेचं इंग्रजी करणार. पडद्यावर बाया दिसल्या. मधोमध एक म्हातारी, पांढऱ्या केसांची, नाव मामा नीमा. मी बघितलं आणि ओळखलं. फोटोतली डोळ्याला कापड लावलेली तीच. मी चष्मा चढवून आधी तिचे डोळे बघितले. स्वच्छ. टपोरे. माझ्यापेक्षा चांगले.

तिनं तुझं कौतुक केलं. गाणं म्हटलं. मग म्हणाली, "मार्थानं आम्हाला दिलेली सगळ्यांत मोलाची वस्तू दाखवते." आणि तिनं कॅमेऱ्यासमोर एक सुतळी धरली. काळपट, तेलकट, दोन गाठी मारलेली. म्हणाली, "आमच्या प्रत्येक चुलीशेजारी अशी सुतळी टांगलेली असते. चुलीचं तोंड या दोन गाठींएवढं. माझ्या लेकी यानंच चूल घालतात, नातीसुद्धा. आम्ही हिला म्हणतो, म्कोनो वा म्वोंगो."

ग्रेस थांबली. तिकडच्या मास्तरला परत विचारलं. मग जरा लाजून म्हणाली, "त्याचा अर्थ... खोटं बोलणाऱ्या बाईचा हात."

देऊळ हसलं. कमल माझ्या शेजारी बसली होती, तीही हसली. मी हसले नाही. मार्थे, मी पंजा पदराखाली घेतला.

नीमा सांगत होती. तू इकडं परतलीस तरी तिकडच्या चुली धुरतच होत्या. तोंडं मोठी झाली होती. चार महिने त्यांनी सोसलं, मग तुला लिहिलं. तू उलट टपालानं सुतळी पाठवलीस. सोबत पत्र. "मला शिकवणाऱ्या बाईचा हात लहान आहे आणि ती माझ्याशी खोटं बोलली. माझ्या घरच्या चुलीवर तिच्या पंजाचा ठसा आहे, त्यावरून माप घेतलं आहे. यापुढं माझी वीत वापरू नका, तिची वापरा."

चार महिने! तीस वर्षं मी ज्या धुरात घुसमटले तो चार महिन्यांत निघून गेला होता. तुझ्याच परसातल्या चुलीवर, माझ्याच घमेंडीच्या ठशावर सुतळी ताणलीस, गाठी मारल्यास, पाकीट चिकटवलंस. आणि पुढच्या रविवारी देवळात येऊन मोठ्यानं आमेन म्हणालीस! डोळे आले होते म्हणे! थंडीत म्हणे!

तोंडावर भांडली असतीस तर काय झालं असतं? एक दिवस कडकडाट, आठ दिवस अबोला, संपलं. पण मग तुझ्या चुली धुरल्या हे देवळाला कळलं असतं. अपराध माझा, नामुष्की तुझी, म्हणून दोघी गप्प. फरक एवढाच, की तुझ्या गप्प बसण्यात तुला मजा येत होती.

नीमा म्हणाली, "आम्ही दरवर्षी तिला पत्रात विचारायचो, त्या बाईला माफ केलं का? ती दरवर्षी लिहायची, अजून नाही. शेवटच्या पत्रात लिहिलं, मी गेल्यावर तिला सगळं सांगा, म्हणजे तिला उलट उत्तर देता येणार नाही. ती बाई कोण, नाव तिनं कधी लिहिलं नाही. तुमच्यात आहे का ती?"

ग्रेसनं मराठीत सांगितलं. लोक इकडंतिकडं बघायला लागले. कुणालाही कळलं नसतं, मार्थे; तुला चूल कुणी शिकवली ते आता कुणाच्या ध्यानात? तालुक्यात चुली घालणाऱ्या बाया आणखी होत्या, निम्म्या वर गेल्यात. मी एखाद्या मेलेलीचं नाव घेऊन मोकळी झाले असते. जिभेवर आलंही होतं. खरं सांगू? तुझंच नाव आलं होतं.

पण त्या म्हातारीचे डोळे पडद्यावर एवढे मोठे दिसत होते आणि ते सगळ्या देवळात मलाच शोधत होते. मी उठले. गुडघे धरत पुढं गेले आणि त्या बारक्या कॅमेऱ्यासमोर पंजा धरला.

"मी हाय ती," म्हटलं. "मला जायचं व्हतं आन् हिनं जाऊ दिलं न्हाय, म्हणून मी खोटं बोलले. धूर तुमच्या डोळ्यांत गेला. लई चुकलं माझं." मग जे तीस वर्षं पाठ होतं तेही बाहेर पडलं. "प्लीज. नो स्मोक."

मग नीमा खुर्चीतून उठली, सुतळी कॅमेऱ्याजवळ आणली, माझ्या पंजासमोर ताणून धरली आणि अशी हसली की तिला धरून बसवावं लागलं. बाकीच्या बायांनी जिभा हलवून असा काही आवाज काढला, की देवळाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. ग्रेस हसता हसता सांगायला लागली, "त्या म्हणतायत, हात इतका लहान आहे, त्यात एवढं मोठं खोटं मावलं कसं? आणि त्या म्हणतायत, चार महिन्यांच्या धुरासाठी त्यांनी तेव्हाच माफ केलं. आजीनं केलं नाही ते तुमचं आणि आजीचं."

ऐकलंस? ज्यांचे डोळे चुरचुरले त्यांनी माफ केलं. आणि तू, पंख्याखाली बसलेली, "अजून नाही"!

उपासना संपल्यावर कमलनं मला गाठलं. "व्हय गं रिबका, म्हणजे तू आफ्रिकेत पोचलीस की!" तीस वर्षं टोमणे मारले तिनं, पहिल्यांदा खरं बोलली. शाल दिली ते वाया गेलं नाही म्हणाली. पाळकसाहेब बिचारे गोंधळलेले. मी त्यांना म्हटलं, शिबिराला येतच जाईन, घाबरू नका. भीती गेली तरी सवय राहिलीय.

घरी येऊन मी हात बघत बसले. सांधे सुजलेत, करंगळी वाकलीय. वीत ताणून बघितली, ताणत नाही. आता मी चूल घालायला बसले तर माझं स्वतःचं माप मला घेता यायचं नाही. माझा खरा हात, पंचेचाळिशीतला, तोऱ्यातला, शिल्लक आहे तो फक्त टांझानियात, सुतळीवर दोन गाठींच्या मध्ये. इथल्या चुली गॅस आल्यावर सगळ्यांनी फोडून टाकल्या. तुझ्या क्वार्टरच्या परसातली तर केव्हाच गेली. तिथं मात्र नातींपर्यंत पोचलाय तो हात. मला विमानात बसू दिलं नाहीस आणि माझा हात पाकिटात घालून पाठवलास. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. उपकार म्हणवत नाही. दुसरा शब्द सापडत नाही.

पण "तिला उलट उत्तर देता येणार नाही" असं लिहून गेलीस ना? बघ मग.

परवा मी बारामतीच्या आपल्या कबरस्थानात आले होते. तुझ्या लेकानं कबरीला सिमेंटचा कट्टा बांधायला मिस्तरी लावलाय. चांगला माणूस, पण गिलाव्यात पाणी जास्त घालतो. मी शेजारच्या दगडावर बसून त्याला तासभर सल्ले दिले. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "आजी, मी जरा च्या पिऊन येतो." मी म्हटलं, "सावकाश ये."

तो फाटकाबाहेर गेला आणि मी उठले. तुझ्या उशाशी गिलावा नुकताच झालेला, ओला, गुळगुळीत. मनात आलं, हिला सांगावं, भांडावं, निदान रडावं तरी. त्यातलं काही केलं नाही. बोटं जेवढी पसरतील तेवढी पसरली आणि पंजा दाबला. चांगला खोल. आता पड त्याच्याखाली न्यायाच्या दिवसापर्यंत आणि घे सुतळीनं माप, घ्यायचं असेल तर. या वेळी तेही चुकणार आहे.

पदरानं हात पुसते न पुसते तोच मिस्तरी आला. थापी घेऊन वाकला आणि तसाच थांबला.

"आजी, ह्यो हात कुणाचा उमटला हितं? थांबा, पुसून घेतो."

मी कबरीकडं बोट केलं. "तिचाच."

त्यानं थापी खाली ठेवली. दोन पावलं मागं सरला. ठशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत ठशाकडं.

"पर आजी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ती बाई चांगली धिप्पाड व्हती म्हंत्यात. आन् ह्यो हात येवढासा?"

"वीत ती वीत," मी म्हटलं. "देवानं समद्यांना सारखीच दिलीय."